बिल्ल्यावरचा अंगठा

"पोरी, साहेबाला सांग, जवान आभार मानतोय म्हणून," अध्यक्ष माझ्या कानाशी कुजबुजले.

साताऱ्यात लढाईवरून परतलेल्या जवानांचा सत्कार होता आणि इंग्रज साहेबासाठी दुभाषी म्हणून मला बसवलं होतं. इटलीत कैदेतून पळालेले एक जवान, साहेबाने छातीवर लावलेला शौर्याचा नवा बिल्ला अंगठ्याने झाकून, नुकतेच बोलले होते.

"तिथल्या एका म्हातारीनं गोठ्यात ज्यू कुटुंब लपवलं हुतं, मलाबी. जर्मन आलं तवा तिनं त्यास्नी दारातच अडवलं. पोरंबाळं मागनं निसटली. तिला गोळी घातली. मी गंजीमागं गप बसलो. तिला साधा हार न्हाई, अन् बिल्ला मला."

टाळ्या वाजल्या. त्यांनी अंगठा काढला नाही.

शाळेत हजेरीलाही माझा आवाज फुटत नसे. मी उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "साहेब, ते म्हणतात, बिल्ला चुकीच्या माणसाला दिलात."