गुरुजी दोन्ही बाजूंनी बोलले

समोरचा माणूस आपल्याशी सहमत झाला की उलटे गुरुजी अस्वस्थ व्हायचे. हातातला चहा खाली ठेवायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "थांब. एवढ्या लवकर कसं काय पटलं तुले? आता याच्या विरोधात बोलून दाखव." त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यांवर सही करण्यापुरतंच उरलं होतं. गावात समोर गुरुजी आणि मागे उलटे गुरुजी. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

आमचं गाव मंगरूळपीर तालुक्यातलं. भाजीपाल्याला आसेगाव, मोठ्या कामाला वाशीम. आठवी ते दहावी गुरुजी आम्हाला मराठी शिकवायचे आणि वादविवाद स्पर्धेसाठी दरवर्षी दोघांना घेऊन वाशीमला जायचे. ज्याला जी बाजू मनापासून पटते ती त्याला कधीच द्यायची नाही, हा त्यांचा नियम. 'मुलींनी शिकायला बाहेरगावी जावं का' या विषयावर मला त्यांनी 'जाऊ नये' ही बाजू दिली. मी वर्गातच रडले. "रडून घे, मंग लिही," ते म्हणाले. "जे लोक तुले जाऊ देनार नाहीत, ते काय बोलतीन हे तुले त्यायच्याहून चांगलं माहीत पाह्यजे." त्या भाषणाला बक्षीस मिळालं नाही. पण पुढे मला अमरावतीला पाठवायला आत्यानं विरोध केला, तेव्हा तिचं प्रत्येक वाक्य मला आधीच पाठ होतं.

निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी माझ्या वडिलांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर येऊन बसू लागले. गावात जैनांचं घर आमचं एकच. गुरुजींचं घर बुद्धविहाराच्या मागे. दोघं एकाच वर्गात शिकलेले, तरी एकमेकांना 'शेटजी' आणि 'गुरुजी' असंच म्हणायचे. पेपर बाबा विकत घ्यायचे आणि आधी गुरुजी वाचायचे. बाबा एखाद्या बातमीवर चिडले की गुरुजी त्या बातमीची बाजू घ्यायचे. बाबा त्या बाजूला आले की गुरुजी पलीकडे जायचे. आई आतून म्हणायची, "दोघायलेबी काम नाही."

पुढे खरोखरच काम राहिलं नाही. ती मंदी सगळ्यांनी पाहिली आहे. रस्त्यावरची तेलगिरणी बंद पडली, पुण्याकडे गेलेली माणसं बायका-मुलांसह परत आली. माझीही नोकरी त्यातच गेली आणि मी घरी येऊन बसले. दुकानात तेलाचे डबे जायचे थांबले, लोक बाटली घेऊन सुटं तेल मागू लागले. त्याच दिवसांत गावातल्या सरकारी दवाखान्याचा विषय निघाला. डॉक्टरची जागा बरेच दिवस रिकामी होती, एकट्या सिस्टर सगळं सांभाळत होत्या. बाहेरची एक संस्था केस पेपरचे पैसे आकारून दवाखाना चालवायला घ्यायला तयार होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता.

बाबा ठरावाच्या बाजूनं होते आणि त्यांना कारण होतं. माझ्या आईला भरदुपारी विंचू चावला होता तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. सिस्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी गेल्या होत्या. बाबांनी आईला जीपमध्ये घालून वाशीमला नेलं. आई वाचली, पण त्या रस्त्यावर बाबा जे काही घाबरले होते ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

"सरकारच्या हातात होतं म्हनून त कुलूप होतं, गुरुजी," ते ओट्यावर म्हणाले. "आता त मंदी आहे. सरकार डॉक्टर कोठून आननार?"

"मंदीत सरकारचा खिसा रिकामा होते, तसा लोकायचाबी होते, शेटजी," गुरुजी म्हणाले. "आधी कोनाच्या खिशाकडं पाहाचं, एवढाच वाद आहे."

"बिनडॉक्टरचा फुकट दवाखाना काय कामाचा?"

"अन् ज्या दवाखान्याची पायरीच चढता येत नाही तो?"

असं आठवडाभर चाललं. नेहमीसारखं बाजू बदलणं यावेळी झालं नाही. गुरुजी दवाखाना सरकारकडेच राहावा यावर ठाम होते. त्यांना एकाच बाजूला इतके दिवस उभं राहिलेलं मी प्रथमच पाहत होते.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. गुरुजी बोलायला उठले. सवयीप्रमाणे त्यांनी आधी समोरच्याची बाजू मांडली. आईचा विंचू, दवाखान्याचं कुलूप, जीपमधले बाबा, हे सगळं त्यांनी असं सांगितलं की माझ्याच अंगावर काटा आला. बाबांना ते तसं कधीच सांगता आलं नसतं. गुरुजी थांबले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी ती संधी साधली. "गुरुजीबी आपल्याच बाजूनं आहेत. करा हात वर."

"हे शेटजीचं म्हननं झालं," गुरुजी म्हणाले. "माहं अजून व्हायचं आहे."

"गुरुजी, तुमाले कोठवर ऐकाचं?" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. काही जण उठायलाही लागले होते. हात वर झाले. बाबांचाही झाला, पण ते सरपंचांकडे न बघता गुरुजींकडे बघत होते. ठराव मंजूर झाला. गुरुजी आपल्या टिपणाचा कागद हातात घेऊन तसेच उभे होते.

संस्थेचे पहिले काही महिने चांगले गेले, हे गुरुजी स्वतःच सगळ्यांना सांगत. सिस्टरांची दुसरीकडे बदली झाली, भिंतींना रंग लागला. डॉक्टर वेळेवर यायचे. मग केस पेपरचे पैसे वाढले. काही औषधं बाहेरून आणा म्हणू लागले. दवाखान्यापुढची रांग आखडली. बाबा म्हणाले, "लवकर लवकर काम उरकतात." दुसऱ्या दिवशी गुरुजी माझ्याकडे आले. "पोरी, तुले काही काम नाही ना? वही घे. जे लोक रांगेत दिसत नाहीत, ते कोठं गेले ते पाहून येऊ."

आम्ही घरोघरी फिरलो. बऱ्याच ठिकाणी लोकांनी विषय टाळला. पैशांसाठी दवाखाना सोडला हे सांगायला माणसाला लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं. विहाराच्या मागच्या गल्लीत सुशीलाबाईंचं घर होतं. मजुरीनं शेतात निंदायला, तण काढायला जाणारी, अंगानं काटक बाई. त्यांना रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायची. आम्ही गेलो तेव्हा त्या बाजेवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं होतं. महिनाभरापूर्वी लकवा मारला होता. त्याच्या कितीतरी आधीच गोळी बंद झाली होती.

"गोळी काहून सोडली, सुशीलाबाई?" गुरुजींनी विचारलं.

"रोजच्या मजुरीचेच वांधे," त्या अडखळत म्हणाल्या. "म्हटलं सोयाबीन निंगालं का घेऊ." मग म्हणाल्या, "तुमीच त सांगतलं होतं ना, गुरुजी, का चांगलं होईन म्हनून?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी फक्त आठवण करून दिली. गुरुजींनी त्यांचं नाव मला वहीत लिहायला लावलं, गोळीचं नावही लिहून घेतलं आणि आम्ही बाहेर पडलो. हापशीच्या कट्ट्यावर ते बसले.

"तुम्ही खोटं काही बोलला नव्हता," मी म्हटलं.

"नव्हतो. पन पोरायसमोर बोलनं येगळं. तेथं घंटा वाजेपर्यंत कोनी उठत नाही. हे लोक पोटाच्या घोरात बसले होते. त्यायनं अर्धं ऐकलं अन् घरी गेले. मले हे समजाले पाह्यजे होतं." गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मग म्हणाले, "चाल. अजून तीन घरं राह्यली."

पुढच्या ग्रामसभेत गुरुजींनी दवाखाना परत सरकारनं चालवावा असा ठराव मांडला. भाषण केलं नाही. वही उघडली आणि कोणाचं कोणतं औषध सुटलं ते ओळीनं वाचून दाखवलं. तेच, मागून बोलणारं कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, आज दुसरी बाजू नाही का?"

"आहे. ते शेटजी सांगतीन," गुरुजी म्हणाले आणि खाली बसले.

बाबा उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. "माही बाजू होती. अजूनबी आहे," ते म्हणाले. "दवाखान्याले कुलूप दिसलं त मी पुन्हा उभा राहीन. पन या ठरावाले माहं अनुमोदन आहे."

ठराव झाला. संस्थेची मुदत संपल्यावर दवाखाना परत सरकारकडे आला, त्यालाही बरेच महिने लागले. सिस्टर परतल्या. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात, बाकीचे दिवस बाबा तक्रारअर्ज लिहितात. सुशीलाबाईंना गोळी पुन्हा फुकट मिळू लागली. हात मात्र गेला तो गेलाच. त्या परत निंदायला जाऊ शकल्या नाहीत.

त्यानंतर गुरुजी ओट्यावर येत, पण पेपर वाचून घडी घालून ठेवत. बाबा मुद्दाम काहीतरी उलटसुलट बोलून बघायचे. गुरुजी हसायचे. पुढे त्यांची छाती भरू लागली आणि मुलानं त्यांना वाशीमला नेलं. मलाही तोवर वाशीमला काम मिळालं होतं. एका रविवारी बाबा गावाहून आले आणि आम्ही दोघं त्यांना भेटायला गेलो. ती शेवटची भेट.

गुरुजी उशीला टेकून बसले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "शेटजी, खरं सांगा. त्या दिवशी मी बोललोच नसतो त?"

"तरीबी ठराव झालाच असता," बाबा म्हणाले. "आमी हात मोजूनच आलो होतो."

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "शेटजीले चहा ठेव. साखर कमी."

बाहेर ऑटोची वाट पाहताना मी बाबांना विचारलं, "खरंच हात मोजले होते?" बाबांनी नकारार्थी मान हलवली. "कायचे मोजतो? गुरुजी बोलले नसते त आमी हरलो असतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांत गुरुजी गेले. विहारात शोकसभा झाली. शाळेचे लोक बोलले, सरपंच बोलले. सगळ्यात शेवटी बाबा न बोलावता उठले. दवाखान्याच्या ठरावाचं खापर अजूनही कोणी कोणी गुरुजींच्या माथी मारायचं, ते त्यांनी ऐकलं असावं. "तो ठराव माहा होता," ते म्हणाले. "लोक मीच जमवले होते, हातबी मीच वर केला होता. गुरुजीचा हात खाली होता, मी पाह्यला. ज्याले बोलाचं असन त्यानं मले बोला."

एवढंच बोलून ते बसायला वळले. पुढच्या ओळीत सुशीलाबाई होत्या. त्यांनी डाव्या हातानं सतरंजीची वर आलेली घडी सारखी केली आणि सरकून बाबांना जागा करून दिली.