आधी नाव सांगा

सरूबाईंची आणि माझी ओळख त्यांनी माझ्या गळ्यातला दुपट्टा काढून घेतला, तिथून सुरू होते. अहेरीच्या बाजाराला निघालेला मी भलत्याच ट्रकात बसून वडशाच्या रस्त्याला लागलो होतो. ट्रक चहाला थांबला आणि समोरच्या लाकूड कापायच्या आरामशीनमधून असा काही आवाज आला की, मी चहा तसाच ठेवून आत गेलो. दोन मोठी चाकं, एक वर, एक खाली, आणि त्यांच्यावरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. एवढा जाड ओंडका आणि त्याची फळी कशी सुटते, हे मी वाकून पाहायला लागलो.

मागून हात आला, दुपट्टा गेला आणि शब्द आले, "फाशी घ्याची असन तर बाहेर झाड आहे. मशीनले काऊन त्रास देतं?"

त्याच आपल्या सरस्वतीबाई. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझ्यासारख्या धड एका जागी न बसणाऱ्याला चार पानं दिलीत, याबद्दल संपादकांचे आभार. इतर मान्यवर त्यांच्या कार्याबद्दल नीट लिहितीलच. मला पट्ट्याबद्दल लिहायचं आहे, कारण बाईंचा स्वभाव मला पट्ट्यावरूनच कळला.

ट्रक निघून गेला, मी राहिलो. नंतर येत-जात राहिलो. धान कापणीला गेलो, मोहफुलांच्या दिवसांत जंगलात गेलो, परत आलो. बाईंनी कधी "कुठी होता?" असं विचारलं नाही. माझ्या पायात चपला होत्या म्हणून एकदा न बोलता बंद बूट आणून ठेवले, एवढंच. बूट थोडे मोठे होते. "पाय वाढन," म्हणाल्या. माझं वय तेव्हा पाय वाढायचं नव्हतं, पण ते असो.

पट्ट्याला धार लावणं, तुटलेला पट्टा झाळून जोडणं, हे बाई वडिलांकडून शिकल्या. रोज सकाळी त्या पट्टा रॉकेलच्या फडक्यानं पुसतात, कोरडा करतात आणि वरून खडूची पूड लावतात. पट्ट्याला केसाएवढी चीर असली, तर तिच्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मी ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा घरातले चाकू, विळे, कात्री, सगळं रॉकेलमध्ये बुडवावंसं वाटलं. चीर दिसली की तो पट्टा उतरलाच. "आज चालन ना, बाई," असं कोणी म्हटलं, तर त्या शांतपणे म्हणतात, "चालन. तू समोर उभा राह्यशीन?"

आणि तरीही पट्टा तुटतो. तो दिवस मला सांगायचा आहे.

थंडी सुरू झाली होती, म्हणजे वडशाच्या नाटक कंपन्यांची धावपळ. गुलाबभाऊ हे एका कंपनीचे व्यवस्थापक. त्यांच्या आवारातला जुना कडुनिंब वादळात पडला होता. रीतसर परवानगी काढून त्यांनी तो रंगमंचाच्या फळ्यांसाठी आणला होता. शिवाय मंडपात प्रेक्षकांच्या बसायच्या जागी अंथरायला भुशाची पोतीही हवी होती. त्यांचा टेम्पो दारातच उभा. मी पोती भरून चढवत होतो, आणि मशीनवर तोच कडुनिंब चिरत होता मनोहर, बाईंचा सगळ्यांत जुना कारागीर.

आवाज बदलला. मग फटकन काहीतरी फुटल्यासारखं झालं. बाईंनी बटण पाडलं आणि ओरडल्या, "जागचे हलू नोका!"

गुलाबभाऊ पुढं धावत होते, ते एका पायावर थबकले. वीज बंद झाली तरी चाकं फिरतच होती आणि तुटलेला पट्टा चाकांभोवतीच्या जाळीच्या आत खडखडत होता. तो कधी कुठून बाहेर येईल, याचा नेम नसतो. दोन्ही चाकं पुरती थांबेपर्यंत बाईंनी कोणाला श्वाससुद्धा मोठ्यानं घेऊ दिला नाही. मग म्हणाल्या, "नाव सांगा."

ही त्यांची पद्धत. "लागलं का?" असं त्या विचारत नाहीत. मी एकदा कारण विचारलं होतं. "लागलं का म्हटलं की माणूस नाईच म्हणते, बापू. घाबरलेल्याले आपलं लागलेलं समजत नाई. पण नाव सांगाले शुद्ध लागते."

मी नाव सांगितलं. गुलाबभाऊंनी एका पायावर उभं राहून नाव, आडनाव आणि कंपनीचं नावही सांगितलं. मनोहर काही बोलला नाही. उभा होता, डोळे उघडे होते, थोडा हसतही होता.

बाई सरळ त्याच्याकडे गेल्या. त्याच्या बाहीतून रक्त ठिबकत होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. त्यांनी त्याला खाली बसवलं, जखमेवर धुतलेलं फडकं दाबून धरलं आणि चहावाल्याला मोटरसायकल काढायला सांगितली. एक माणूस मागं धरून बसला आणि मनोहर दवाखान्यात गेला.

मग बाईंनी पट्ट्याचे तुकडे गोळा करून अंगणात टोकाला टोक लावून मांडले. मोठं वर्तुळ जमलं, पण एका जागी बोटभर फट राहिली. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. जखम खोल आहे, आत लोखंड राहिलं असेल का, असं डॉक्टर विचारत होते. बाई त्या फटीकडे पाहत म्हणाल्या, "एक तुकडा सापडून नाई राह्यला. आत आहे असंच धरा. एक्स-रेचा फोटो काढाच."

गुलाबभाऊ चुळबुळत होते. "बाई, मनोहरची सोय झाली. माह्या पोत्यायचं पाहू ना. संध्याकाळी प्रयोग आहे."

"पोते उतरवा."

"आता पोत्यायनं काय केलं?"

"तुकडा मनोहरच्या हातात नसन, तर भुशात असन. तुमच्या मंडपात लेकरं बसते ना, भाऊ?"

 गुलाबभाऊ स्वतःच टेम्पोत चढले आणि पोती ओढायला लागले. भुसा पसरला, पण त्यात बोटभर पोलाद शोधायचं कसं? गुलाबभाऊंनाच सुचलं. टेम्पोत जुना फुटका भोंगा होता, त्यातलं चुंबक काढून त्यांनी दोरीला बांधलं आणि भुशावरून ओढायला सुरुवात केली. बराच वेळ नुसती खसफस. मग शेवटच्या, तोंड उघडं असलेल्या पोत्यातून टक्क आवाज आला.

बाईंनी तुकडा नेऊन फटीत ठेवला. बरोबर बसला. तरी त्यांनी फोन करून सांगितलं, "तुकडा भेटला. पण एखाद्या दाताचा कण असू शकते, फोटो थांबवू नोका." फोटोत काही निघालं नाही. हे कळलं, तेव्हा बाई भुशातच बसल्या.

मला मात्र पट्टा का तुटला, याचाच किडा. अर्धवट कापलेल्या ओंडक्याच्या फटीत पाहिलं, तर आत खिळा. एक नाही, कितीतरी. साल वाढून वरून झाकून गेलेले.

गुलाबभाऊ भडकले. "कोण्या येड्यानं झाडाले खिळे ठोकले बे?"

बाईंनी विचारलं, "भाऊ, तुमच्या नाटकाचे फलक कुठी लावता?"

गुलाबभाऊंनी एका खिळ्यावरून बोट फिरवलं. मग दुपट्ट्यानं तोंड पुसत म्हणाले, "चहा सांगतो मी सगळ्यायले." त्यांच्या आवारात आता फलकाला दोरी बांधतात. मी मुद्दाम वाकडी वाट करून पाहून आलो.

एक गोष्ट राहिली. मोटरसायकलवर बसताना मनोहर शुद्धीत येत होता. मान वळवून म्हणाला, "मनोहर."

"आता सांगतं का रे," बाई म्हणाल्या.

तो म्हणाला, "तुमचं राह्यलं, बाई."

आणि खरंच, सगळ्यांची नावं घेणाऱ्या बाईंनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. त्या क्षणभर गोंधळल्या. हात रक्तानं भरलेले, पदर खोचलेला. मग हळूच म्हणाल्या, "सरस्वती."

तेव्हापासून मनोहर रोज मशीन बंद झाली की त्यांना नाव विचारतो. बाई चिडतात, पण सांगतात. सरूबाई, तुमची तब्येत ठणठणीत राहो, हात असेच स्थिर राहोत. मी कुठंही असलो तरी दरवर्षी वाढदिवसाला तुमच्या दारात येईन, बूट घालून, दुपट्टा बाहेर ठेवून, आणि विचारीन: नाव सांगा. तुम्ही पुष्कळ पुष्कळ वर्षं ते सांगत राहा.