घरचा म्हणून सूट नाही

"बॅग उलटी कर," मॅनेजर म्हणाले.

वसईजवळ वालीवच्या एका कारखान्यात मी नेटवर्क सांभाळते. नव्या साच्याची ड्रॉइंग बाहेर फुटली होती. सगळे आपापल्या खुर्चीत बसून. उभ्या आम्ही दोघीच, मी आणि झाडू मारणाऱ्या मावशी. माझा डबा टेबलावर आपटला. आईने केलेली सुक्या बोंबलाची चटणी सांडली. मॅनेजरांनी नाकाला रुमाल लावला. कुणीतरी हसलं.

"बाकीच्यांच्या बॅगा?"

"ती घरची माणसं आहेत."

चटणी मी हाताने गोळा केली.

घरी, पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, आईने रिकामा डबा घेतला. "चटनी पुरली का गो?"

"पुरली."

मासळी विकून शिकवलं तिने मला. काय सांगणार होते तिला? मोरीत नळ सोडून रडले.

पुढे कळलं, मालकांच्या पुतण्याने आपला पासवर्ड दोस्तांत वाटला होता. तो घरचा, म्हणून त्याला सगळं उघडं. ड्रॉइंग तिथूनच फुटली. माझी माफी कुणी मागितली नाही. मावशी तर काम सोडून गेल्या होत्या.

मालकांनी मला नवी व्यवस्था बसवायला सांगितली. झीरो ट्रस्ट. ऑफिसात बसलाय म्हणून कुणी खरा नाही. दर वेळी विचारणार, तू कोण, कॉम्प्युटर कुठला, ही फाइल तुझ्या कामाची का. कामापुरतंच उघडणार. मी बसवली, तरी पगाराच्या फाइली मलाही बंद. पहिल्या दिवशी या व्यवस्थेने मलाच अडवलं, आणि मला जराही लागलं नाही. तेव्हा उमगलं, तपासणीचं दुःख नव्हतंच. फक्त आम्हा दोघींनाच तपासलं, ते आतवर गेलं होतं.

काल पुतण्या आला. "हे सारखं मला काय विचारतंय? या तपासणीतून माझं नाव काढ."

"काढून टाक गं," मॅनेजर म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"नाही सर. मालकांनाही विचारतं ते."

"उद्या सूट दिसली नाही, तर तू दिसणार नाहीस."

आज सकाळपासून जागेवर बसून आहे. या पगारावर घर चालतं, आईचे गुडघे आता बाजारात बसू देत नाहीत. नोकरी गेली तर रडेन. या वेळी आईसमोर रडेन, सगळं सांगून. पण ती सूट माझ्या हातून होणार नाही.