सरांनी पेनाचं टोपण काढलं नाही

आई बोलत होती आणि सरांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

ग्रामपंचायतीचा हॉल. गावाच्या इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलेलं, म्हणून जुन्या माणसांना बोलावलेलं. खुर्च्या रिकाम्या होत्या. आई तरी सतरंजीच्या कडेला भिंतीला टेकून बसली. "वर बसा" असं कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

समोर इतिहासाचे निवृत्त सर. नववीत मलाही त्यांनीच शिकवलेलं. शेजारी दादा. तीन पिढ्या सरपंचपद त्यांच्याच घरात. दादा बोलले होते तेव्हा सरांचं पेन कागदावर नुसतं पळत होतं.

आई म्हणाली, "बाहात्तरच्या दुष्काळात आमी पाझर तलावावर हुतो. मी न् माझी धाकटी बहीण सखू. माती खालून पोखरायची, म्हंजी वरची आपसूक पडती. काम बिगीबिगी व्हतं. सखू खाली हुती. वरचा कडा अंगावर आला. आमी हातानं उकरलं. मातीच्या पाटीचा काठ तिच्या मुठीत तसाच हुता."

सर हसले. मायेनं हसले, तेच जास्त लागलं. "आजी, ही झाली गोष्ट. इतिहासाला पुरावा लागतो. कागद आहे का काही?"

"कागद न्हाई. मी हाय की."

सगळा हॉल हसला. मीही हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तसा मी आमच्या भावकीतला गोष्टीवाला. बारसं असो, लग्न असो, मला मधे बसवतात आणि मी नकला करतो. त्या दिवसाचीही केली. सरांचा चष्मा, दादांचं खाकरणं, आईचं "मी हाय की". पोरं लोळायची. आई पदर तोंडाला लावून बसायची. मला वाटायचं, हसू दाबतेय.

कागद कुठून असणार? सखू बारा वर्षांची. त्या वयाच्या पोरीचं नाव हजेरीला चढत नव्हतं. त्यांची आई, म्हणजे माझी आजी, तापानं घरी पडलेली, म्हणून सखू तिच्या नावावर माती वाहायची. ती गेली तेव्हा मुकादम म्हणाला, पोरगी कामावर होती असं म्हणालात तर काम बंद पडेल. आख्खी वस्ती त्या कामावर जगत होती. मग आमच्याच माणसांनी सांगितलं, "भाकर घेऊन आल्ती." म्हणजे पुरावा आम्हीच पुरला. सखूबरोबर, एकाच खड्ड्यात.

पुस्तक टाईप करायला माझ्याकडेच आलं. तालुक्याच्या गावात माझं टायपिंगचं दुकान आहे. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ मी इतक्यांदा टाईप केलीय की माझी साहित्यसेवा तेवढ्यावर सहज मोजता येईल. तलावाच्या पानावर होतं, 'दादांच्या प्रेरणेने गावकऱ्यांनी श्रमदानातून तलाव उभारला.' श्रमदान. मी टाईप केलं. शुद्धलेखनही तपासून दिलं. गिऱ्हाईक तुटायला नको.

पुस्तक घरी आणलं तेव्हा आईनं हात धुतले, लुगड्याला पुसले. तिला वाचता येत नव्हतं. "माझ्या सखूचं नाव कुठं हाय?"

मी तिचं बोट धरलं आणि दादांच्या नावावर ठेवलं. "हे बघ. सखू."

त्यानंतर ती रोज दुपारी ते पान उघडायची. खुणेला लुगड्याचा दोरा घातलेला. त्या एका ओळीवरून बोट फिरवायची, एखाद्या पोरीच्या केसांवरून फिरवावं तसं. शेवटच्या आजारात डोळे मिटलेले, तरी बोट तिथंच. दादांचं नाव कुरवाळत माझी आई गेली.

यंदा पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघणार म्हणून सर आणि दादांचा पुतण्या दुकानात आले. मी चहा सांगितला. मग विचारलं, "सर, तलावाच्या पानाला पुरावा काय?"

"अरे, दादांनी स्वतः सांगितलंय."

"म्हणजे ऐकीवच. दादा तेव्हा कुठं होते?"

"पुण्याला. कॉलेजात," पुतण्या छाती काढून म्हणाला.

सरांनी कप खाली ठेवला.

"सर, तुम्हीच शिकवलंत. सांगणारा तिथं होता का, हे आधी विचारा. सांगून त्याला काय मिळणार, हे मग विचारा. माझी आई तिथं होती. तिला काय मिळणार होतं? बहीण?"

पुतण्या म्हणाला, "तात्या, आता ते कशाला उकरता?"

"आमी हातानं उकरलंय," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता, आईचा होता. त्यांनी आणलेला पुस्तकाचा पेनड्राईव्ह पुतण्याच्या हातात परत दिला. "हे मी टाईप करणार नाही."

दारातून सर वळले. "पण आईनं असं सांगितलं, याला तरी पुरावा काय?"

"मी हाय की."

या वेळी कुणी हसलं नाही.

तर आता मी लिहितोय. सांगणारी माझी आई. ती तिथं होती. लिहिणारा मी. मी तिथं नव्हतो. मी तिच्यावर हसलो, तिच्या नकला केल्या, तिच्या बोटाशी खोटं बोललो. माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते हे सगळं धरून ठरवा. पण माझी लबाडी तिच्या माथी मारू नका.

याच्या प्रती शाळेत देणार, ग्रामपंचायतीत देणार, वाचनालयात देणार. कुणी घेतली नाही तर कुणी नाकारली तेही लिहून ठेवणार. आणि प्रत्येक प्रतीच्या वर, ठळक अक्षरात, एवढंच राहील:

सखू. वय बारा. कामावर होती. भाकर घेऊन आली नव्हती.