नाल्यापलीकडची नात

आमच्या म्हाताऱ्याला सगळं गाव मेमे म्हणतं, म्हणजे आजोबा. मी त्याची बायको, मी म्हाताराच म्हणते. नाव अंगरूप. जगात दोन गोष्टींवर त्याचा कधी विश्वास बसला नाही. एक बर्फ आणि दुसरं मी घातलेलं मीठ.

हिवाळ्यात गावाबाहेर पडायचं तर नाल्यावरचा उतार आडवा ओलांडावा लागतो, आणि वर अख्ख्या डोंगरावर बर्फ लादलेला असतो. म्हातारा पहाटे जाऊन काठी खुपसून बघतो. तो हो म्हणाला तरच माणसं निघतात, तीही एकेक करून. एक जण चालतो, बाकीचे त्याच्याकडे बघत उभे राहतात. गप्पा नाहीत की विडी नाही. त्याचा थोरला भाऊ पलजोर तिथेच कोसळलेल्या बर्फाखाली गाडला गेला, तेव्हा सोबतचे पाठ करून चहा पीत बसले होते. कुठे खणायचं तेच कुणाला सांगता येईना. तेव्हापासून कुणाची मान जरा वळली की म्हातारा खेकसतो, "नजर काढू नकोस! तो माणूस तुझ्या डोळ्यांवर चाललाय!"

गेल्या हिवाळ्यात आमची लेक छिमे बाळंत झाली. पहिलंच बाळ, मुलगी. तिचं सासर नाल्यापलीकडच्या गावात. 'सण झाला की लेकीला घेऊन येते,' असा निरोप आला, आणि म्हाताऱ्याला जेवण गोड लागेना. लेकरू पहिल्यांदा आजोळी आलं की आजोबाने त्याच्या कपाळाला लोणी लावायचं, अशी आमच्यात रीत आहे. लोण्याची वाटी उशाशी घेऊन झोपायचं तेवढं त्याने बाकी ठेवलं होतं.

आधी बर्फ पडून पडून कंटाळा आला, मग एकाएकी उबदार वारा सुटला. शेजारच्या उतारांवरून बर्फाचे लोंढे कोसळल्याचे आवाज आम्ही चुलीपाशी बसून ऐकले. छिमे यायच्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नाल्याच्या काठाला गेलो. म्हाताऱ्याने काठी खुपसली. वरचा थर घट्ट, खाली सगळं भुसभुशीत. पाय टाकला तसा आजूबाजूचा बर्फ धप्पकन खाली बसला. म्हाताऱ्याचा चेहराच उतरला.

आणि बघते तर पलीकडे छिमे उभी! पाठीला बांधलेलं बाळ, मागे जावई. वाऱ्यात हाक पोचत नाही, म्हणून आमची खूण ठरलेली असते. शाल खांद्यावर असली तर या, दोन्ही हातांनी पसरली तर माघारी फिरा.

म्हाताऱ्याने शाल पसरली.

"अरे, वेड लागलं का तुला?" मी त्याचा दंड धरला. "लेकीला दारातून परत पाठवतोस? लोणी न लावता लेकरू माघारी गेलं तर लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे."

"आणि एवढा जीव टाकत होतास तो?"

"म्हणूनच." त्याने शाल काही खाली आणली नाही.

छिमेने पाऊल पुढे टाकलं. तेव्हा आमचा म्हातारा, जन्मात कुणापुढे न वाकलेला माणूस, शाल पसरलेली तशीच धरून पोटच्या पोरीपुढे बर्फात गुडघे टेकून बसला. छिमे थांबली. मग तिने पाठीवरचं गाठोडं सोडलं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. मला दिसलं ते एक लाल फडकं.

"कशी आहे गं?" म्हाताऱ्याने विचारलं. बर्फाच्या लखलखाटाने त्याची नजर केव्हाच अधू झाली आहे.

"नाक तुझं आहे."

"इथून नाक दिसलं होय तुला?"

"मला सगळं दिसतं. गप्प बस तू." आणि मीच रडायला लागले.

ती वळणाआड जाईपर्यंत तो तसाच बघत बसला.

गंमत म्हणजे त्या उतारावरचा बर्फ शेवटपर्यंत कोसळलाच नाही. जागच्या जागी वितळून गेला. पोरं टोमणे मारायची, "काय मेमे, डोंगर उठला का झोपेतून?" तो म्हणायचा, "झोपू दे रे बिचाऱ्याला." छिमेने तर रागाने साधा निरोपसुद्धा धाडला नाही.

वाट मोकळी झाल्यावर आली एकदाची, तोंड फुगवून. तिने लेक त्याच्या मांडीवर ठेवली. पोरीने त्याची दाढी बघितली मात्र, असं भोकाड पसरलं की शेजारची माणसं दारात आली. मी घ्यायला धावले, तर म्हातारा देईना.

"राहू दे गं," तो म्हणाला, "रडायला ती आहे तरी."