पाचवीच्या वर्गाचे चार ठराव

१९४९च्या मे महिन्यात तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या पंचायतीपुढे एकाच बैठकीत शाळेच्या जागेचे चार ठराव आले आणि चारही पडले. अकराही पंचांना शाळा हवी होती.

गावात चौथीपर्यंतच वर्ग होते. माझी धाकटी बहीण चौथी पास झाली होती. पाचवीसाठी तासगाव, दोन कोस. तेवढं तिला एकटीला चालत पाठवायला वडील तयार नव्हते. साताऱ्याच्या शाळाखात्याच्या कचेरीचं पत्र स्पष्ट होतं: पाचवीच्या वर्गासाठी मेअखेर जागेचा ठराव पाठवा, जूनमध्ये मास्तर देऊ.

आधी गावात दोनच तट होते, वरची आळी आणि खालची आळी. एकाने सुरू केलेलं काम दुसरा निवडून आला की मोडायचा. शाळेचा पाया असाच दोनदा उखडला गेला. मी सांगलीच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. निवडणुकीआधी मी लिहिलं, की दोन पक्षांत गाव भरडलं जातं. अनेक पक्ष असले तर एकमेकांना धरून चालावंच लागतं. चार पक्ष निवडून आले. एकाचे चार पंच, बाकीच्यांचे तीन, दोन आणि दोन. प्रत्येकाची शाळेसाठी वेगळी जागा.

आमच्याकडे मतासाठी हात वर करत नसत. भावकीतल्या माणसाविरुद्ध त्याच्या तोंडावर हात उचलणं बरं दिसत नसे. मारुतीच्या देवळात ठरावाच्या बाजूचे उजवीकडे बसत, विरोधातले डावीकडे. दोन तटांना ही रीत पुरत होती. त्या दिवशी पहिल्या ठरावाला चौघे उजवीकडे बसले, सात जण डावीकडे. दुसऱ्याला तिघे. मग दोघे. मग पुन्हा दोघेच.

मी सरपंचांना म्हटलं, "कमी मतांच्या दोन जागा सोडा. उरलेल्या दोन्हींवर पंचांना पुन्हा बसवा."

"पडलेल्या ठरावावर परत बसायची रीत न्हाई."

"पण शाळा नको असं कोण म्हणतंय?"

"कोनच न्हाई. पर जागा?"

खांबाला टेकलेला एक म्हातारा पंच म्हणाला, "काय रं पेपरवाल्या, लय पक्ष आलं की गावाचं भलं हुतंय, तूच लिवलंस न्हवं? आता बांध की चार शाळा!"

अकराही जण हसले. एकमत तेवढंच झालं.

घरी बहिणीने विचारलं, "दादा, कुठली जागा ठरली?"

"ठरली नाही."

"कुठलीबी चालली असती की."

पुढचे आठ दिवस मी सायकलवरून पंचांची घरं फिरलो. चौघांचा गट आणि दोघा-दोघांच्या गटांपैकी एक असे एकत्र आले असते तर सहा, म्हणजे बहुमत होत होतं. त्या दोघांनी बदल्यात उपसरपंचपद मागितलं. चौघांनी नाकारलं. मे संपला.

नदीपलीकडच्या गावात अजून दोनच तट होते. एका मताने जिंकलेल्यांनी हरलेल्यांना न विचारता ठराव पाठवला. मास्तर तिकडे गेला. हरलेल्या आळीने आपली पोरं त्या वर्गात घातली नाहीत. आमच्या बाजूने तिकडे जायला नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची उथळ जागा होती, ती पावसाने जूनच्या मध्यावर बंद झाली.

जूनअखेर बहिणीचं नाव कुठल्याच शाळेच्या हजेरीपटावर नव्हतं.