संध्याकाळचा रकाना

वीज गेली, स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घरघर थांबली आणि माझ्या छातीत धस्स झालं. दूध नासेल म्हणून नव्हे.

बाळांनो, तुमची आजी आरोग्यकेंद्रांचं काम तपासायची. एका डोंगराळ गावी लसींच्या फ्रीजवर तापमानाचा तक्ता होता. सकाळचे दहा वाजले होते आणि त्यात संध्याकाळचा आकडा आधीच भरलेला होता.

“सिस्टर, आज संध्याकाळ लवकर झाली वाटतं?” मी विचारलं.

नर्सबाईंचा चेहरा उतरला. “मॅडम, दुपारी मी वाड्यावस्त्यांवर जाते, परतायला उशीर होतो. रकाना रिकामा राहिला की मेमो मिळतो.”

बाहेर आया तान्ही लेकरं घेऊन बसल्या होत्या. लसीच्या कुपीवरचा छोटा चौकोन उष्णतेने लस बिघडली की काळवंडतो, म्हणून आम्ही एकेक कुपी उजेडात धरून पाहिली. रिकाम्या रकान्याला मेमो द्यायचा, हा नियम मीच सुचवला होता.

सगळे चौकोन पांढरे निघाले. मी तो आकडा खोडून शेजारी सही केली. “खरंच पाहाल तेव्हाच लिहा. मेमोचं मी बघते.”

बाकीच्या गावांतल्या किती संध्याकाळी माझ्या धाकाने सकाळीच भरल्या गेल्या, ते मला कधीच कळलं नाही. इथे वीज अजून आलेली नाही.